दाखल्यावरचा शेरा

आपल्या मराठी भाषेत म्हणींची संपत्ती उदंड आहे आणि त्या संपत्तीत काही खोटी नाणीही आहेत. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ हे त्यांतले सर्वांत गुळगुळीत झालेले नाणे. ‘सुंभ जळला तरी पीळ जळत नाही’ हे त्याचे भावंड. एखाद्या पोराने वर्गात मारामारी केली, कोणाच्या खिशात हात घातला, चार दिवस घरातून नाहीसा झाला, की आपण शहाणी माणसे ही दोन नाणी खणखण वाजवतो आणि मोकळे होतो. गंमत अशी, की त्याच घरात आजी नातवंडांना वाल्या कोळ्याचा वाल्मीकी कसा झाला ते रंगवून सांगत असते. पोथीतल्या वाल्याला आपला साष्टांग नमस्कार. दारात उभ्या राहिलेल्या वाल्याला मात्र एकच प्रश्न, ‘तुझा दाखला कुठे आहे?’

त्या दाखल्याविषयी मला आज बोलायचे आहे. दिवाळीच्या दिवसांत कडू कशाला, असे कोणी म्हणेल. पण अभ्यंगस्नानानंतर कारिट फोडून जिभेला कडू लावण्याची रीत आपल्याच पूर्वजांनी घालून दिली आहे. फराळ त्यानंतर.

शाळा सोडल्याचा दाखला सर्वांनी पाहिलेला असतो; वाचलेला फार थोड्यांनी. त्यात जन्मतारीख असते, अभ्यासातील प्रगती असते, शाळा सोडण्याचे कारण असते आणि ‘वर्तणूक’ नावाचा एक अरुंद रकाना असतो. शंभरातल्या नव्वदांच्या नशिबी तेथे ‘चांगली’ हा शब्द येतो. पण कारकुनाने ‘बरी’ लिहिले, की पुढच्या शाळेचा मुख्याध्यापक चष्मा पुसून पुन्हा पाहतो. ‘बरी’ म्हणजे बरी नव्हे, हे व्याकरण शिक्षणखात्यात सर्वांना पाठ आहे. एका शब्दात मुलाच्या सोळा वर्षांचा निकाल लागतो, आणि या निकालावर अपील नाही.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढून टाकण्यास बंदी केली आहे. दाखला मागताच तो द्यावा, तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवू नये, असेही त्यात आहे. छान आहे. पण हे छत्र आठवीशी मिटते. नववी-दहावीत, म्हणजे ओठावर मिसरूड फुटते, आवाज घोगरा होतो आणि डोक्यात वारे शिरते नेमक्या त्या वयात, पोर उघड्यावर पडते. मग बापाला बोलावून गोड शब्दांत सांगण्यात येते, ‘तुम्ही आपणहून दाखला घेऊन जा, म्हणजे शेरा लिहायची वेळ यायची नाही.’ आमच्या खराडीत उंच काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्या इमारतींच्या फाटकावर रात्रभर जागणारा बाप सकाळी हे वाक्य ऐकतो आणि मान खाली घालून सही करतो. त्याचा मुलगा पुढे कोठे जातो, हे शाळेच्या दप्तरात नसते. ते कधीकधी येरवड्याच्या दप्तरात सापडते.

हे असेच चालायचे, असे म्हणणाऱ्यांना मी नागपूरला घेऊन जातो. तेथल्या हिस्लॉप महाविद्यालयात विजय बारसे नावाचे क्रीडाशिक्षक होते. भर पावसात झोपडपट्टीतली मुले एक मोडकी बादली लाथांनी उडवत खेळताना त्यांना दिसली. बारसे सरांनी त्यांच्या हाती, नव्हे पायाशी, चेंडू दिला. चेंडू पायांत होता तोवर त्या मुलांच्या हाती दुसरे काही नव्हते, ही साधी गोष्ट त्यांनी हेरली. 2001 साली ‘झोपडपट्टी फुटबॉल’ सुरू झाले. पुढे ‘स्लम सॉकर’ या नावाने ते जगभर गेले आणि 2016 साली फिफाचा विविधतेबद्दलचा पुरस्कार त्याला मिळाला. पोलिसांपासून लपत फिरणारा एक तरुण या मैदानावर आला आणि 2010 साली रिओ द जानेरो येथे बेघरांच्या विश्वचषकात भारतीय संघाचा कर्णधार झाला. बारसे सरांनी त्याचा वर्तणुकीचा रकाना आधी मागितला असता, तर हा कर्णधार कोठे असता?

नागराज मंजुळे यांनी यावर ‘झुंड’ हा चित्रपट काढला. 2022 च्या मार्च महिन्यात तो आला आणि अमिताभ बच्चन त्यात मास्तर झाले. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, डोळे पुसले. आणि चित्रपटगृहातून घरी येऊन सोसायटीच्या पहारेकऱ्याला बजावले, की पलीकडच्या वस्तीतली पोरे आपल्या आवारात खेळायला येता कामा नयेत. पडद्यावरची झुंड हवी, आवारातली नको!

आता प्रतिपक्षाचे ऐकू. ते म्हणतात, ‘मास्तर, दुसरी संधी, दुसरी संधी म्हणून ज्याच्या त्याच्या गळ्यात हार घालाल, तर ज्यांनी मार खाल्ला त्यांचे काय?’ हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तर टाळणारा माणूस दयाळू नसून आळशी आहे. अमेरिकेकडे पाहा. तेथे फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात धरून धावण्याचा खेळ. विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक तेथे कोट्यवधींचे वेतन घेतो. एका विद्यापीठाने दुर्वर्तनासाठी हाकललेला गडी दुसऱ्या विद्यापीठाने उचलायचा आणि प्रशिक्षकाने वर्तमानपत्रात सांगायचे, की प्रत्येकाला दुसरी संधी मिळाली पाहिजे. 2018 पासून तर विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची रीतसर यादीच ठेवली जाते. यातली काही मुले खरोखर सुधारली. पण बायकांवर हात टाकलेले गडीही याच दाराने आत येऊ लागले, तेव्हा 2015 साली दक्षिणेकडच्या मातब्बर विद्यापीठांच्या संघटनेला नियम करावा लागला, की अशा गंभीर दुर्वर्तनासाठी काढलेल्या खेळाडूला आमच्यापैकी कोणीही घेऊ नये. दयेला कुंपण घालावे लागले, कारण ती दया नव्हतीच. ती खरेदी होती. गड्याचे पाय वेगवान नसते, तर त्या प्रशिक्षकाला करुणेचा पाझर फुटला असता काय?

मग खरी दया ओळखायची कशी? बेघरांच्या विश्वचषकाचा एक नियम मला फार आवडतो. कोणत्याही खेळाडूला त्या स्पर्धेत आयुष्यात एकदाच खेळता येते. याचा अर्थ असा, की प्रशिक्षकाने वर्षभर खपून पोर उभे करावे आणि स्पर्धा संपताच त्याला जगात सोडून द्यावे; पुढल्या वर्षी त्याच्या जिवावर चषक जिंकायची सोय नाही. तेथे पोरासाठी खेळ असतो, खेळासाठी पोर नसते. संधी देणाऱ्याला मोबदल्यात काय मिळते ते पाहा, म्हणजे ती संधी आहे की सौदा आहे, ते लगेच कळते.

आणि हा शोध परदेशातून आणण्याचे कारण नाही. आपल्या औंध संस्थानाने स्वातंत्र्यापूर्वी आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ वसवले. भिंतीवाचून तुरुंग, कैद्यांनी शेती करावी आणि विश्वासाच्या दोरीने बांधलेले राहावे. त्याच मुलखातल्या माडगूळकरांनी, आपल्या गदिमांनी, त्यावरून कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी 1957 साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. खून केलेल्या माणसांवर एका लहानशा संस्थानाने विश्वास टाकून पाहिला. आणि आपण नववीतल्या पोराला ‘बरी’ लिहून वाटेला लावतो!

देशाचा कायदाही आपल्या शाळांपेक्षा उदार आहे. 2015 च्या बालन्याय कायद्यात ‘नव्याने सुरुवात’ हे तत्त्वच घातले आहे. अपवाद सोडता मुलाच्या गुन्ह्याची नोंद पुसून टाकावी, निकालात निघालेल्या प्रकरणाची माहिती पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठीसुद्धा देऊ नये, असे तो सांगतो. म्हणजे चोरी केलेल्या मुलाची पाटी सरकार कोरी करते, आणि शाळेतल्या दांडगटाची पाटी शाळा जन्मभर काळी ठेवते. याला न्याय म्हणायचे?

पण कायद्याची ही माया सर्वांना सारखी पोहोचत नाही, हेही सांगितले पाहिजे. 2024 च्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या कल्याणीनगरात एका सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेल्याचे प्रकरण घडले. काही तासांतच त्याला जामीन मिळाला आणि अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली. देश संतापला. तीन दिवसांनी त्याची रवानगी निरीक्षणगृहात झाली आणि जूनमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने सुटका झाली. त्या खटल्यावर मत देण्याचा अधिकार माझा नाही. पण तो संताप ऐकताना मला वाटले, लोक चुकीच्या गोष्टीवर चिडले आहेत. मुलाला संधी मिळते याचा राग नको. पहारेकऱ्याच्या मुलासाठी तीच संधी इतक्या तातडीने कोणी का मागत नाही, याचा राग हवा. आणि हेही, की गेलेल्या दोघांच्या आईबापांपर्यंत कोणताही निबंध पोहोचत नाही.

म्हणून माझे मागणे सरळ आहे. दाखल्यावरचा ‘वर्तणूक’ हा रकाना काढून टाका. तो कोणाचेच रक्षण करीत नाही. वजनदार बापाच्या पोराने काहीही केले तरी तेथे ‘चांगली’च उमटते, आणि ‘बरी’ वाचून पुढच्या शाळेला हेही कळत नाही, की पोराने खिडकी फोडली की कोणाचे डोके. त्याऐवजी मुलाची शाळा बदलताना एका मुख्याध्यापकाने दुसऱ्याला स्वतःच्या सहीचे पत्र लिहावे. कायद्याने पुसलेले उकरू नये. पण शाळेत काय घडले, मुलाने भरपाई म्हणून काय केले, कोणापासून त्याला दूर ठेवले पाहिजे, आणि त्याच्यात चांगले काय आहे, या चार गोष्टी लिहाव्यात. ज्या मुलीला त्रास झाला, तिने शाळा सोडायची आणि गोल मारणाऱ्याने राहायचे, असे होता कामा नये. संधी त्यालाच, पण दुसऱ्या मैदानावर. आणि खेळाच्या मास्तरांनी एक व्रत घ्यावे: उत्तम पाय असलेल्या एका उनाडाला घेताना, ज्याला चेंडू धड अडवताही येत नाही असा एक उनाड त्याच्याबरोबर घ्यावा.

‘चार गोष्टी लिहायला वेळ कोणाला आहे?’ असे काही मुख्याध्यापक म्हणतील, हे मी जाणतो. एक शब्द लिहायला वेळ होता ना? त्या एका शब्दाने ज्याची वाट बंद होते, त्याच्यासाठी अर्धा तास जड वाटत असेल, तर वर्तणुकीचा रकाना आधी आपल्याच नावापुढे भरून पाहावा.