विश्लेषण : डायनोसॉरच्या अंताचा पुरावा सह्याद्रीच्या दगडांत?

पाचगणी आणि महाबळेश्वर येथील दख्खन ट्रॅप्सचा समावेश सप्टेंबर २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत झाला. काळ्या दगडाला वारसा का म्हणायचे, आणि तो वाचतात कसा?

काळ्या पायऱ्या, तांबड्या पट्ट्या

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहत आला. थरावर थर साचले. झीज होऊनही आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर हा बेसॉल्ट उरला आहे. घाट चढताना काळ्या थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबडी पट्टी दिसते. एक प्रवाह थंड झाला, पुढचा येईपर्यंत त्याच्यावर माती तयार झाली, राख पडली आणि नव्या लाव्हाखाली ती भाजली गेली. थोडक्यात, पट्टी म्हणजे दोन उद्रेकांमधली उसंत.

वय कसे कळते?

बेसॉल्टमधल्या पोटॅशियमचा काही अंश ठरावीक वेगाने आरगॉन वायूत बदलतो. झिरकॉनच्या स्फटिकात युरेनियमचे शिसे होते. किती बदलले, हे मोजून वय काढतात. बेसॉल्टमध्ये झिरकॉन सहसा मिळत नाही, तेव्हा संशोधकांनी तो शोधला तांबड्या पट्ट्यांत!

‘सायन्स’ नियतकालिकाच्या फेब्रुवारी २०१९च्या एकाच अंकात या दोन पद्धतींचे दोन निष्कर्ष छापून आले. झिरकॉन मोजणाऱ्या गटाच्या मते, लाव्हाचा एक मोठा लोंढा डायनोसॉर नष्ट होण्याच्या काही दशसहस्र वर्षे आधी आला. आरगॉन मोजणाऱ्या गटाला आढळले, की बहुतांश लाव्हा त्यानंतर बाहेर पडला. डायनोसॉरच्या अंताला मेक्सिकोत चिक्शुलुब येथे आदळलेला अशनी मुख्यतः कारणीभूत होता, हे आता बहुतेकांना मान्य आहे. त्याआधीच लाव्हातल्या वायूंनी हवामान बिघडवले होते का, यावर मात्र एकमत नाही. उत्तर याच घाटांतल्या थरांतून मिळायचे आहे.

जीवाश्म काय सांगतात?

लाव्हात जीव टिकत नाही, पण दोन प्रवाहांमधल्या तळ्यांच्या गाळात टिकतो. मुंबईत वरळीच्या अशाच गाळात छोट्या बेडकांचे जीवाश्म सापडले आणि १८४७मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे वर्णन केले. त्याहून थक्क करणारी गोष्ट चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याची. तिथे लाव्हाच्या आधीच्या थरांत डायनोसॉरची अश्मीभूत विष्ठा मिळते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांना त्यात गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण आढळले. हे २००५मध्ये प्रसिद्ध झाले. गवत डायनोसॉरनंतर आले, ही तोवरची समजूत त्या शेणाने मोडीत काढली.

यादीत नाव, पुढे काय?

तात्पुरत्या यादीत किमान वर्षभर नाव असल्याशिवाय नामांकन पाठवता येत नाही. या यादीमुळे आपोआप संरक्षणही मिळत नाही. खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२मध्ये भूवारसा स्थळांसाठी विधेयकाचा मसुदा मांडला, त्याचा कायदा झालेला नाही.

गंमत अशी, की हे थर अभ्यासाला मिळाले ते बरेचसे घाटरस्त्यांसाठी डोंगर कापल्यामुळेच. दरडींच्या भीतीने कापावर सिमेंट फवारले, की पट्टी झाकली जाते. दरड रोखायलाच हवी, याबद्दल वाद नाही. त्याआधी नमुने घेऊन ठेवणे मात्र सहज शक्य आहे. पिसदुऱ्यासारख्या ठिकाणी तर जीवाश्म शेतात उघड्यावर सापडतात. कोणी हाड उचलून घरी नेले तर हाड राहते, पण ते कोणत्या थरातले होते ही नोंद जाते आणि मग त्याचे वय सांगणे अवघड होते.