फुलण्यापूर्वीच

मृगाच्या सरी पडल्या, की वैजापूरच्या काळ्या भूमीवर हिरवा रंग चढू लागतो. नारंगी नदीच्या काठी, रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत आणि घरामागच्या परसातही अंकुर डोके वर काढतात. त्यांतच गाजराच्या पाल्यासारख्या कातरलेल्या पानांचे एक रोप हमखास असते. त्याला आपण गाजरगवत म्हणतो. वस्तुतः ते गवत नव्हे. ती सूर्यफुलाच्या कुळातील एक वनस्पती होय.

तिचे मूळ घर अमेरिका खंडात. आपल्याकडे १९५६ साली पुण्यातून तिची नोंद झाली आणि पुढे ती देशभर पसरली. येथे तिला खाणारे कीटक नव्हते. गुरेही सहसा तिला तोंड लावीत नाहीत. एकेका झाडाला हजारो बारीक बिया येतात. वारा, वाहते पाणी आणि चाकांना लागलेला चिखल त्यांना दूरवर नेतात. या झाडाच्या स्पर्शाने कित्येकांच्या अंगाला खाज सुटते, तर त्याच्या परागांमुळे काहींना दम्याचा त्रास होतो. तेव्हा परसातील गाजरगवत हा केवळ शोभेचा प्रश्न नाही. तो आरोग्याचा प्रश्न आहे.

त्यावर उपाय कोणता? कोणी विळ्याने वरचे शेंडे छाटतात. पण बुडखा राहिला, की त्याला पुन्हा फुटवे येतात. कोणी तणनाशक फवारतात. परंतु लहानशा परसात त्याचे तुषार वांग्या-मिरच्यांवरही उडतात. १९८३ साली मेक्सिकोतून बंगळूरला या झाडाची पाने खाणारे भुंगे आणण्यात आले. ते पावसाळ्यात चांगले काम करतात. तथापि कोरड्या दिवसांत ते मातीत दडून बसतात. माझ्या मते घरच्या बागेसाठी सर्वांत खात्रीचा उपाय साधाच आहे. जमीन ओली असताना, पांढरी फुले येण्यापूर्वीच, रोप मुळासकट उपटावे. फुलापूर्वी उपटलेल्या रोपांचे खतही करता येते. बी धरल्यावर मात्र उपटणे म्हणजे आपल्याच हातांनी पेरणी करणे होय.

यावर कोणी म्हणेल, “शेजारची जागा गवताने माजली असता एकट्या माझ्या परसात खपून काय लाभ?” शंका रास्त आहे, पण तिच्यावरून हात बांधून बसणे रास्त नाही. बी कुंपण मानीत नाही. मग आपल्या श्रमांनी तरी ते का मानावे? आळीतील सर्वांनी एक दिवस ठरवून ही पडीक जागाही स्वच्छ केली पाहिजे. मोकळी झालेली माती तशीच उघडी टाकू नये. तेथे झेंडू लावावा किंवा तरोटा वाढू द्यावा. म्हणजे गाजरगवताला जागा उरत नाही.

मुलांनो, हे काम वडीलधाऱ्यांच्या सोबतीने, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालूनच करावे. ज्यांना दम्याचा वा त्वचेचा विकार आहे, त्यांनी त्यापासून दूर राहावे.

जमिनीत दडलेले जुने बी कित्येक वर्षे टिकते. म्हणून पुढील पावसाळ्यातही रोपे उगवतील. त्यात निराश होण्यासारखे काही नाही. यंदा ज्या झाडाला आपण फुलू दिले नाही, त्याच्या हजारो बिया त्यांत नसतील.