कुंपणावरील भोपळ्याचा खटला

शहरांतील गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारी मंडळांपुढे येणाऱ्या तक्रारींची वर्गवारी कोणी केलीच, तर भिंतीतली गळती, वाहने उभी करण्याची जागा आणि पाळीव कुत्री यांच्या पाठोपाठ, तळमजल्यावरील एखाद्या उद्योगी रहिवाशाने कुंपणालगत लावलेल्या व यथावकाश दुसऱ्याच्या हद्दीत शिरलेल्या भाजीच्या वेलाचे प्रकरण त्यात हमखास सापडेल. आमच्या वसाहतीतही गेल्या पावसाळ्यात असा एक अर्ज दाखल झाला. वेल लाल भोपळ्याचा होता, त्याने सार्वजनिक हिरवळीवर दोन-तीन हात अतिक्रमण केले होते, आणि अर्जात सौंदर्यहानी, डास व सर्पभय अशी तीन कलमे त्याच्यावर लावलेली होती. मंडळाने रीतसर ताकीद दिली, मुदत ठरवली आणि ती उलटताच माळ्याच्या कोयत्याकडून हुकमाची तामिली करून घेतली. त्या दिवशी वेलाला मुठीएवढी दोन फळे धरलेली होती. या खटल्यात माझा फिर्यादी म्हणून वा आरोपी म्हणून काहीच संबंध नव्हता. परंतु निकाल चुकीचा झाला असे माझे मत असून, गावोगावच्या संस्थांत असेच निकाल होत असल्यामुळे त्याविषयी जाहीरपणे लिहिणे मला आवश्यक वाटते.

आरोपांपैकी दोन तर प्रथमदर्शनीच फेटाळण्याजोगे आहेत. डेंग्यूचा डास अंडी घालतो ती साचलेल्या स्वच्छ पाण्यात, म्हणजे ज्या शोभेच्या कुंड्यांबद्दल कोणाचीच तक्रार नसते त्यांच्या खालच्या ताटल्यांत. आणि साप येतो तो उंदरांच्या मागावर, ज्यांची सोय कचऱ्याच्या खोलीत आपण बारमाही केलेली असते. राहता राहिला सौंदर्याचा मुद्दा. जिच्यावर मुलांना खेळू दिले जात नाही, वृद्धांना बसू दिले जात नाही, आणि जी जगवण्यासाठी ऐन वैशाखात टँकरचे पाणी ओतावे लागते, त्या हिरवळीला सुंदर म्हणावयाचे, आणि थाळीएवढ्या पानांतून सोनेरी फुले वर काढणाऱ्या वेलाला गबाळा ठरवावयाचे, ही अभिरुची आपण कोठून उसनी आणली कोण जाणे.

जुन्या घरांच्या परसात या वेलासाठी निराळी तजवीज करावी लागत नसे. न्हाणीचे पाणी जेथे वाहत जाई तेथे आळे असे, शेणखत गोठ्यातून येई, आणि वेल गोठ्याच्या छपरावर चढवून दिला की त्याच्याकडे पुन्हा पाहावयाचे ते भोपळा उतरवण्यासाठीच. आज सांडपाण्यात साबणाची पूड उतरते, गोठा गेला आणि छपराची गच्ची झाली, हे सर्व मान्य. तथापि वेलाच्या मागण्या आजही माफकच आहेत. दिवसातून सहा-सात तास ऊन, हातभर खोल खड्ड्यात कुजलेले खत, आणि पसरण्यासाठी सात-आठ हातांचे कुंपण एवढे त्याला पुरते. ओल्या कचऱ्याचे खत करण्याची सक्ती महानगरपालिकांनी मोठ्या वसाहतींवर केल्यापासून त्या खताचे करावे काय, हा प्रश्न ज्या मंडळांना पडला आहे, त्यांना तर हा आयताच तोडगा आहे.

आता यावर एक हरकत घेतली जाते, आणि ती वजनदार आहे. मंडईत भोपळ्याची फोड स्वस्तात स्वस्त मिळते; मग चार महिने खपून तो घरी पिकवण्यात कोणते शहाणपण? हिशेब फळापुरताच मांडला, तर हरकत घेणाऱ्याचीच सरशी होईल. परंतु वेल फळाखेरीज पुष्कळ देतो, आणि ते शहरातल्या मंडईत क्वचितच दृष्टीस पडते. कोवळ्या शेंड्यांची भाजी खुडल्या दिवशीच खावयाची असते. फुलांची भजी करावयाची, तर फूल पहाटे उमललेले आणि सकाळीच तोडलेले असावे लागते. गाड्यांतून हिंदकळत आलेल्या फुलाचा तोवर चिखल झालेला असतो.

या फुलांपाशी किंचित थांबले पाहिजे, कारण घरगुती भोपळ्याविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज येथेच जन्म घेतो. वेलाला फुले येतात, दोन-तीन आठवडे येत राहतात आणि गळून जातात. मग घरातील मंडळी वेल वांझ ठरवून मोकळी होतात. वस्तुतः प्रथम येतात ती नरफुले, लांब बारीक देठांवर ताठ उभी राहणारी. मादीफूल मागाहून येते, आखूड देठावर, आणि पाकळ्यांच्या खाली उमलण्यापूर्वीच गोटीएवढा हिरवा भोपळा घेऊन येते. उजाडण्याच्या सुमारास ते उघडते, दुपारपूर्वी मिटते आणि पुन्हा कधीही उघडत नाही. एवढ्या अल्प मुदतीत नरफुलातील पराग तेथे पोचला पाहिजे. आणि तो इतका जड व चिकट असतो की वाऱ्याच्या हाती हे काम सोपवता येत नाही, मधमाशीच लागते. ती न आली तर खालचा इवलासा भोपळा पिवळा पडून आठवडाभरात गळतो, आणि आपण खताला दोष देतो. शहाणा माणूस अशा वेळी स्वतःच मधमाशीची कामगिरी पत्करतो: पहाटे एक ताजे नरफूल खुडतो, त्याच्या पाकळ्या सोलून टाकतो, आणि आतला पिवळा दांडा मादीफुलाच्या मध्यभागी हलक्या हाताने फिरवतो. मुलांना हे एकदा दाखवावे. शाळेतील परागीभवनाच्या धड्यापेक्षा ते अधिक काळ ध्यानात राहील.

पण शहाण्या माणसाला हे काम करावे का लागते? गच्चीखालचे आग्या मोहोळ दिसताच धूर करून ते काढवणारी, आणि झाडांवर सरसकट कीटकनाशक मारण्याचा वार्षिक ठेका देणारी मंडळे तीच आहेत, जी भोपळ्याच्या वेलाला ताकीद देतात. मोहोळ धोक्याच्या जागी असेल तर हलवावेच लागते, हे खरे. फवारणी मात्र फुले उघडी असताना, सकाळच्या प्रहरी करण्याचे काहीच कारण नाही. कोवळ्या रोपांवरील तांबडे भुंगेरे पहाटे गारव्याने सुस्त असतात, ते हातांनी वेचता येतात. पूर्वी त्यांच्यावर चुलीतली राख भुरभुरत, आता घरात राख कोठून आणणार! फळमाशीपासून बचाव हवा असेल, तर कोवळ्या फळाला कागदाची अथवा कापडाची पिशवी बांधावी.

हा वेल मूळचा आपल्याकडचा नव्हे. कोहळा आणि दुधी या भूमीत पुरातन. लाल भोपळा मात्र कोलंबसानंतरच्या दर्यावर्दी व्यापारात अमेरिका खंडातून इकडे आला. त्याच्या कुळाची लागवड मेक्सिकोत सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी होत असल्याचा पुरावा वाहाकाच्या गुहांतील बियांनी दिला आहे. असे असून आपल्या गृहिणींनी त्याला घारग्यांत, दह्यातल्या भरतात आणि पितृपक्षाच्या पानात अशी जागा दिली की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानीमनीही राहिले नाही. हे साधले ते बियांमुळे. चांगल्या फळाचे बी धुऊन, सावलीत सुकवून, राखेत घोळून ठेवावयाचे आणि शेजारणीला द्यावयाचे, ही रीत घरोघर होती. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती अशीच गावरान वाणांची बियाणी जतन करून वाटल्याबद्दल. शहरातील माणसाला एवढे मोठे कार्य झेपणार नाही. पण एका भोपळ्याच्या मूठभर बिया पुढच्या वर्षासाठी राखणे कोणालाही अशक्य नाही. दुधीच्या शेजारी लावल्याने भोपळा बिघडतो, ही समजूतही सोडून द्यावी. त्या दोहोंचा संकर होतच नाही. ज्यांना जागेची फार टंचाई आहे त्यांच्यासाठी बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने काढलेला ‘अर्का सूर्यमुखी’ हा सुमारे किलोभर वजनाच्या फळाचा वाण आहे.

देठ वाळून सालीत नख रुतेनासे झाले म्हणजे, चार बोटे देठ ठेवून भोपळा काढावा. असा भोपळा हवेशीर कोपऱ्यात शीतकपाटाविना दोन-तीन महिने टिकतो, हा गुण आज किती भाज्यांत आहे?

कार्यकारी मंडळांना म्हणून माझी विनंती अशी. मे महिन्याच्या सभेत एक साधा ठराव करावा: जूनपासून दिवाळीपर्यंत कुंपणाचा काही भाग मागेल त्या रहिवाशाला भाजीच्या वेलासाठी मिळावा, वेलाची निगा त्याने राखावी, वाट अडली तर वेल वळवावा पण तोडू नये, आणि दुसऱ्याच्या हद्दीत लोंबलेले फळ ज्याच्या हद्दीत लोंबले त्याचे समजावे. शेवटचे कलम अवश्य घालावे. ते असेल तर तक्रारीचे अर्ज फारसे येणार नाहीत.