शूर्पारकाचे बंदर आणि समुद्रातील गाळ

आचार्य वज्रसेनांची कथा जैन घरांत परिचित आहे. दीर्घ दुष्काळात सोपाऱ्याचे श्रेष्ठी जिनदत्त यांच्या घरी लक्ष मोलाचा भात शिजला होता आणि त्यांची पत्नी ईश्वरी त्यात विष कालवण्याच्या बेतात होती. तेवढ्यात गोचरीस आलेल्या आचार्यांनी उद्या सुकाळ होईल असे सांगून तिला थांबविले. दुसऱ्या दिवशी धान्याची गलबते बंदरात लागली.

ती गलबते जेथे लागली, तेथे आज नालासोपाऱ्याची दाट वस्ती आहे. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात सुप्पारा या नावाने येणारे, १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी जेथील स्तूप उकलला, ते हे बंदर कोणा शत्रूने बुडविले नाही. ते गाळाने भरत गेले.

वर्षाचा बहुतेक पाऊस येथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यामुळे सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची झीज उल्हास आणि वैतरणा या नद्या त्याच काळात खाली आणतात. जड वाळू मुखाशीच बसते. बारीक चिकणमातीचे कण मात्र खारे पाणी लागताच एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळ गाठतात. शिवाय भरती बाहेरचा गढूळपणा पुन्हा खाडीत आणते. ओहोटी तो सगळाच परत नेईल असे नाही. खाडीच्या वहीत जमेची बाजू सहसा मोठीच राहते.

उरलेला गाळ खंडान्त उथळीवर जातो. मुंबईसमोर ही उथळी सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आहे. खंबायतच्या आखातातून नर्मदा आणि तापी यांचाही मोठा वाटा तिच्यावर येतो. पावसाळी लाटा तळाचा चिखल ढवळतात, प्रवाह त्याला किनाऱ्याने सरकवतात आणि समुद्र शांत झाला की तो पुन्हा बसतो. गंमत अशी की हा चिखल मुख्यतः किनाऱ्याकडच्या भागातच साचतो. बाहेरच्या खोल भागात जुनी वाळू उघडी पडलेली आढळते. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुगात समुद्र शंभराहून अधिक मीटर खाली होता; ही वाळू त्या काळापासून समुद्र पुन्हा चढेपर्यंतच्या उथळ किनाऱ्यांची आहे. त्यापलीकडच्या उतारावर सूक्ष्म जीवांची कवचे आणि अतिबारीक माती संथपणे उतरत राहते.

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या आणि तळमजल्यावरील दुकानांतला माल भिजला. दोष नाल्यांना दिला गेला, तो अस्थानी नव्हता. परंतु हा सखल प्रदेश बऱ्याच अंशी याच गाळाने घडलेला आहे, आणि अतिवृष्टी भरतीच्या वेळेस गाठते तेव्हा साफ केलेल्या नाल्यातील पाण्यालाही ओहोटीची वाट पाहावी लागते.