उतरलेला भाव अडतो कुठे?

कच्चे तेल उतरले की पेट्रोल का उतरत नाही, असे कोणी विचारले की आपण अभ्यासक डॉलरचा दर, सिंगापूरचा बाजार आणि शुद्धीकरणाचा खर्च यांकडे बोट दाखवतो. ही उत्तरे खरी आहेत, पण अपुरी आहेत. पिंपात १५९ लिटर तेल असते. डॉलर ८५ रुपयांना धरला, तर पिंपामागे एक डॉलर उतरल्यावर लिटरमागे साधारण ५३ पैसे कमी व्हायला हवेत. १६ जून २०१७ पासून दर रोज बदलू लागले ते याच हेतूने. तरीही एप्रिल २०२० मध्ये कच्चे तेल २० डॉलरच्या आसपास आले, तेव्हा दिल्लीत पेट्रोल ६९.५९ रुपयांवरच थांबले. मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात केंद्राने लिटरमागे १० रुपये उत्पादन शुल्क वाढवले आणि दिल्ली सरकारने व्हॅट २७ वरून ३० टक्क्यांवर नेला. स्वस्ताई आली होती. ती तिजोरीत जमा झाली. नोव्हेंबर २०२१ तर याहून बोलका आहे. केंद्राच्या ५ रुपयांच्या कपातीपाठोपाठ उत्तर प्रदेश आणि हरियाणाने व्हॅट उतरवला, दिल्लीने उतरवला नाही. दिल्लीत १०३.९७ रुपये आणि सीमेपलीकडे नोएडा-गुरुग्रामला ९५-९६ रुपये, अशी स्थिती झाली आणि दिल्लीच्या पंपचालकांचे गिऱ्हाईक सीमेपार गेले. डिसेंबरात दिल्लीने व्हॅट १९.४० टक्क्यांवर आणताच दर एका रात्रीत ९५.४१ झाला.

यावर सरकारी तेल कंपन्यांची बाजू अशी, की २०२२ मध्ये भाव भडकले तेव्हा दर रोखून आम्ही ग्राहकाला वाचवले. हे नाकारता येणार नाही. एप्रिल ते जून २०२२ या तिमाहीत एकट्या हिंदुस्थान पेट्रोलियमला दहा हजार कोटींहून अधिक तोटा झाला. तो भरून काढण्याचा हक्कही मान्य. पण २०२३-२४ मध्ये तिन्ही कंपन्यांचा एकत्रित नफा ८० हजार कोटींच्या पुढे गेला, आणि ग्राहकाला मिळाले ते मार्च २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, लिटरमागे दोन रुपये. तोटा किती होता आणि तो कधी फिटला, हे जाहीर झाल्याशिवाय ‘वाचवले’ हा दावा तपासता येत नाही. दिल्लीच्या दराची जी फोड प्रसिद्ध होते, तिच्यात शुल्क, व्हॅट आणि विक्रेत्याचे कमिशन वेगवेगळे दिसते. कंपनीचे स्वतःचे विपणन मार्जिन मात्र मूळ किमतीत मिसळलेले असते. ते वेगळे दाखवावे, ही मागणी या क्षेत्रातल्या प्रत्येकाने लावून धरली पाहिजे. तोवर कच्च्या तेलाची तुलना पंपावरच्या दराशी करू नका. विक्रेत्याला आकारलेल्या करपूर्व किमतीशी करा.