आयकराची नोटीस आली तर ती उघडा

३० जुलै २०२३, रविवार. रात्री जेवण झाल्यावर मी आयकराचं विवरणपत्र भरायला बसलो. दरवर्षी वीस मिनिटांत उरकणारं काम. शेवटच्या पानावर आकडा दिसला : भरायचा कर ७८,७८० रुपये, वर व्याज. तीनदा मागे जाऊन पाहिलं. दर महिन्याला पगारातून टीडीएस कापला जात होता, मग हे आलं कुठून?

ऑक्टोबर २०२२मध्ये मी नोकरी बदलली होती. जुन्या कंपनीत सहा महिन्यांचे ६ लाख, नवीत सहा महिन्यांचे ७ लाख २० हजार. जुन्या कंपनीने वर्षाचे १२ लाख धरून ५८,५०० रुपये कापले. नव्या कंपनीला माझा आधीचा पगार ठाऊकच नव्हता. तिने ७ लाख २० हजार हेच माझं वर्षाचं उत्पन्न मानलं. अडीच लाखांची करमुक्त मर्यादा, ५० हजारांची प्रमाणित वजावट, ८०सीचे दीड लाख, सगळं दुसऱ्यांदा दिलं आणि फक्त १७,१६० रुपये कापले. खरा कर होता १,५४,४४०. हातात पगार जास्त येतोय म्हणून मी खूश होतो. ते पैसे बहिणीच्या लग्नात गेले.

आधीचा पगार आणि कापलेला कर नव्या कंपनीला कळवायला तेव्हा फॉर्म १२बी असायचा. एचआरने पाठवलेल्या गठ्ठ्यात तो होता का, मला आजही सांगता येणार नाही. मी न वाचता सह्या केल्या होत्या.

पोर्टलवर दोन पर्याय होते : ‘पे नाऊ’ आणि ‘पे लेटर’. असे पडदे बनवणं हाच माझा धंदा. अवघड गोष्ट पुढे ढकलायला एक बटण दिलं की माणूस ते दाबतो, हे मला माहीत आहे. मीही दाबलं. कर न भरल्यास थकबाकीदार ठरू शकता, हा इशाराही वाचला होता.

पुढे मागणीची नोटीस ईमेलवर आली. मी ती उघडली नाही. एक दिवस, दोन दिवस करत तीन आठवडे. शेवटी अब्बांनीच विचारलं, चेहरा असा का? त्यांचं आयुष्य शिवणकामाच्या दुकानात गेलं, आयकराशी कधी संबंध आला नाही. सगळं ऐकून म्हणाले, “देणं खरं आहे ना? मग जाऊन सांग, एकदम नाहीत म्हणून.”

कायदाही नेमकं हेच म्हणतो. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत पैसे भरायचे असतात. त्या मुदतीच्या आत अर्ज केला तर अधिकारी मुदत वाढवून देऊ शकतो किंवा हप्ते बांधून देऊ शकतो. व्याज थांबत नाही, महिन्याला एक टक्का चालूच राहतं. माझ्या रकमेवर ते महिन्याला आठशेच्या आसपास होतं. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर याच्या तिपटीने जातं, तरी ते काढून कर भरणारे मित्र मी पाहिलेत. मी सहा हप्ते मागितले, चार मिळाले.

हे सगळं इथे लिहितोय, कारण आपल्या वस्त्यांत पगारदारांची पहिली पिढी आता उभी राहते आहे. घरात विचारावं असं कुणी नसतं. सरकारी कागद आला की आपल्याकडे पोटात गोळा येतो. त्या भीतीला कारणं आहेत, मी ती नाकारत नाही. पण आयकराच्या बाबतीत ती महाग पडते. कुणी नोटीस लपवतो, कुणी ‘सेटिंग’ करणाऱ्या एजंटाकडे जातो. तो देणगीच्या खोट्या पावत्या जोडून रिफंड काढून देतो आणि कमिशन घेतो. चुकीची माहिती देऊन कर बुडवला तर दंड बुडवलेल्या कराच्या २०० टक्के आहे, आणि तो एजंटाला नाही, तुम्हाला होतो. नोटीस खरी की खोटी अशी शंका असेल तर तिच्यावरचा डीआयएन क्रमांक पोर्टलवर तपासता येतो.

आणखी एक गोष्ट आपल्याच घरांतली. बँकेचं व्याज आपण वापरत नाही, गरजूला देऊन टाकतो, म्हणून ते विवरणपत्रात दाखवायचं नाही, असं बरेच जण समजतात. द्यायचं तर जरूर द्या, पण ते तुमच्या खात्यात आलं तेव्हाच कायद्याच्या दृष्टीने तुमचं उत्पन्न झालं. बँकेने ते आयकर खात्याला कळवलेलंही असतं.

काही वेळा मागणीच चुकीची असते. कंपनीने कर कापला पण सरकारकडे भरलाच नाही, असंही होतं. कापलेला कर कर्मचाऱ्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, हे कायद्यात आहे. पण त्यासाठी पगाराच्या पावत्या जपाव्या लागतात आणि पोर्टलवर ‘मागणी मान्य नाही’ असं उत्तर द्यावं लागतं. गप्प बसलात तर पुढच्या वर्षाचा रिफंड त्यात वळता होतो. सरकार माफ करेल अशी वाट पाहणारेही आहेत. २०२४च्या अंतरिम अर्थसंकल्पातली माफी २०१४-१५ पर्यंतच्या लहान रकमांपुरती होती.

माझी तक्रार सरकारकडेही आहे. कंपन्या दर तिमाहीला टीडीएसचा हिशोब पॅनसह देतात. डिसेंबरपर्यंतचा हिशोब ३१ जानेवारीपर्यंत खात्याकडे पोचलेला असतो. एका पॅनवर दोन कंपन्यांचा पगार दिसतो आहे, ही तपासणी शिकाऊ प्रोग्रामरही लिहील. फेब्रुवारीत एक एसएमएस आला असता तर १५ मार्चच्या आगाऊ कराच्या मुदतीआधी मी नव्या कंपनीला सांगितलं असतं. चूक माझी होती, पण ती माझ्याआधी खात्याला दिसत होती.

गेल्या महिन्यात मोहल्ल्यातल्या वाचनालयात शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचं शिबिर होतं. शेजारी एक टेबल टाकून मी बसलो, कागदावर ‘आयकर’ लिहून. दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. मग शिबिरात मदत करणाराच एक मुलगा आला, हळूच म्हणाला, दोन वर्षांपूर्वीचा एक मेल आहे, उघडला नाही. आम्ही तिथेच लॉग इन करायला बसलो. पासवर्ड त्याला आठवेना.