विश्लेषण : क्लस्टरची हद्द एमआयडीसीत शिरली, तर पावणे गावाचे काय?

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचे पावणे हे नवी मुंबईच्या जन्माआधीचे गाव. आज त्याच्या आजूबाजूला कारखाने, गोदामे आणि सिडकोच्या नोडमधील इमारती आहेत. मध्ये उरलेल्या गावठाणात चार-पाच मजली घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. अशा गावठाणांचा एकत्रित पुनर्विकास करावा, ही चर्चा नवी मुंबईत दहा वर्षांहून जुनी आहे. पण पुनर्विकासाची हद्द गावठाणापुरती ठेवली तर हिशेब बसत नाही आणि ती वाढवली तर दुसऱ्याच्या जमिनीत शिरावे लागते. पावणे गावाच्या बाबतीत ती दुसऱ्याची जमीन म्हणजे एमआयडीसीची.

समूह पुनर्विकास म्हणजे काय?

एकेक इमारत पाडून तिथेच नवी बांधण्याऐवजी मोठा पट्टा एकत्र घ्यायचा, त्यातील जुन्या, धोकादायक, बेकायदा इमारती आणि झोपड्या हटवायच्या, रहिवाशांना त्याच ठिकाणी घरे द्यायची, रस्ते-मैदाने नव्याने आखायची आणि उरलेल्या बांधकामाच्या विक्रीतून सगळा खर्च भागवायचा, अशी ही पद्धत. मुंबईत २००९ पासून विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(९) या कलमाखाली ती राबवली जाते. सुमारे साडेसोळा एकरांवरचा भेंडी बाजारचा पुनर्विकास हे तिचे सर्वांत परिचित उदाहरण.

ठाण्यात या योजनेला खरी गती मिळाली ती एका दुर्घटनेमुळे. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाटा येथे बांधकाम सुरू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ जणांचा बळी गेला. शिळफाटा पावणे गावापासून फार दूर नाही. महापे ओलांडले की डोंगरापलीकडे ते लागते. पुढे ठाण्यासाठीच्या समूह विकास नियमांना २०१७ मध्ये अंतिम मंजुरी मिळाली. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीतही नागरी पुनरुत्थानासाठी स्वतंत्र तरतूद आली. किमान १० हजार चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे अडीच एकरांचा समूह आणि ४ पर्यंत चटई क्षेत्र निर्देशांक, ही ठाण्याच्या योजनेची ठळक वैशिष्ट्ये.

हद्द वाढवण्याची गरज का भासते?

याचे उत्तर गणितात आहे. समजण्यापुरते असे धरू, की समूह १० हजार चौरस मीटरचा आहे आणि त्यावर ४० हजार चौरस मीटर बांधकाम करता येते. प्रत्येक कुटुंबाला ३० चौरस मीटर चटई क्षेत्राचे, म्हणजे ३२३ चौरस फुटांचे घर द्यायचे आहे. भिंती, जिने, उद्वाहन धरून एका घरामागे सुमारे ४२ चौरस मीटर बांधकाम लागेल. कुटुंबे ५०० असतील तर पुनर्वसनात २१ हजार चौरस मीटर जातील आणि १९ हजार विक्रीसाठी उरतील. तेवढ्यात विकासक येऊ शकतो. पण कुटुंबे ९०० असतील तर पुनर्वसनातच ३७ हजार ८०० चौरस मीटर संपतात. विक्रीला उरते ते जेमतेम २,२००. एवढ्यासाठी कोणी निविदा भरणार नाही.

नवी मुंबईतील गावठाणे दुसऱ्या प्रकारात मोडतात. दाटी जितकी जास्त, तितकी पुनर्विकासाची निकड मोठी आणि पैशांचा मेळ तितकाच अवघड. मग नियोजनकार शेजारची विरळ वस्तीची किंवा मोकळी जमीन समूहात घेण्याचा मार्ग सुचवतात. पाच हजार चौरस मीटरची मोकळी जागा जोडली, की याच उदाहरणात २० हजार चौरस मीटर बांधकाम वाढते. शिवाय आधी तिथे इमारती उभ्या करून रहिवाशांना थेट हलवता येते. संक्रमण शिबिराचा खर्च आणि त्याहून अधिक म्हणजे संक्रमण शिबिराची धास्ती टळते. मुंबईत उपकरप्राप्त इमारतींतील कुटुंबांच्या पिढ्या अशा शिबिरांत गेल्या, हे ‘तात्पुरते’ या शब्दाला कोणी फसत नाही त्याचे कारण आहे.

राज्य सरकारचा कलही मोठ्या पट्ट्यांकडे आहे. मुंबईतील झोपडपट्ट्यांसाठी मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर केलेल्या समूह योजनेत किमान क्षेत्र ५० एकर ठेवले आहे.

पावणे गावात पेच कोठे आहे?

येथे जमिनीला एक मालक नाही आणि नियोजनालाही एक प्राधिकरण नाही. एमआयडीसीची स्थापना १९६२ ची, सिडकोची १९७० ची. ठाणे खाडीपलीकडच्या पट्ट्यातील शेतजमिनी आधी औद्योगिक वसाहतीसाठी गेल्या, त्यानंतर नवे शहर आले. नवी मुंबई महापालिका तर १९९२ मध्ये कारभाराला लागली. आज गावठाणातील बांधकामाची जबाबदारी महापालिकेची, नोडमधील जमिनीचा मालक व पट्टेदाता सिडको आणि औद्योगिक पट्ट्यात जमीनही एमआयडीसीची, बांधकाम परवानगीही तिचीच. एकात्मिक नियमावलीतून एमआयडीसीचे क्षेत्र वगळलेले आहे. महामंडळाची स्वतःची नियमावली आहे. म्हणजे पावणे गावाचा समूह कारखान्यांच्या दिशेने वाढवायचा झाल्यास एकाच समूहात दोन नियमावल्या येतील. गल्लीच्या अलीकडे एक निर्देशांक, पलीकडे दुसरा. नकाशावर रेषा सरकवून हे सुटणारे नाही. त्यासाठी शासनाला एमआयडीसीचे तेवढे क्षेत्र महापालिकेच्या नियोजनाखाली आणावे लागेल किंवा दोन्ही संस्थांना बांधणारा स्वतंत्र आदेश काढावा लागेल.

गरजेपोटी बांधलेल्या घरांच्या निर्णयांनीही हीच मर्यादा दाखवली आहे. प्रकल्पग्रस्तांची कुटुंबे वाढली, गावठाणाचा विस्तार मात्र झाला नाही, ही त्यांची जुनी तक्रार. त्यामुळे गावठाणाबाहेर, संपादित जमिनीवर घरे उभी राहिली. २०१० मध्ये गावठाणापासून २०० मीटरपर्यंतच्या घरांचा विचार झाला. २५ फेब्रुवारी २०२२ च्या शासन निर्णयात ही हद्द २५० मीटर झाली. नंतरही अटी आणि दर बदलत राहिले. पण हे निर्णय सिडकोने संपादित केलेल्या जमिनीपुरते आहेत. पावणे गावठाणाच्या कडेपासून तेवढेच अंतर मोजले आणि रेषा एमआयडीसीच्या भूखंडावर पडली, तर तिथल्या घराला त्यांचा उपयोग नाही. साडेबारा टक्के योजनेचेही तसेच. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच आंदोलकांनी प्राण दिल्यानंतर पुढे आलेले हे तत्त्व सिडकोच्या संपादनाशी जोडलेले आहे; एमआयडीसीला जमीन दिलेल्यांचा हिशेब निराळा.

या जमिनीवर न्यायालयांचेही लक्ष आहे. एमआयडीसी आणि सिडकोच्या जमिनींवरील दिघ्यातील बेकायदा इमारती पाडण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिले, तेव्हा राहती कुटुंबे रस्त्यावर आली होती. पावणे एमआयडीसीतील बावखळेश्वर मंदिर न्यायालयीन लढाईनंतर नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडण्यात आले. त्यामुळे औद्योगिक भूखंड निवासी समूहात घेण्याचा आदेश निघाला, तर त्याला आव्हान मिळेल हे गृहीत धरूनच त्याचा मसुदा करावा लागेल.

कारखान्यांचे काय?

हद्दवाढीच्या चर्चेत हा मुद्दा बहुधा शेवटी येतो. तो आधी यायला हवा. पावणे पट्ट्यात रासायनिक कारखाने आहेत. मे २०२२ मध्ये येथील एका कारखान्यातील आगीत कामगारांचे बळी गेले. निवासी समूह औद्योगिक भूखंडांकडे सरकवणे म्हणजे घरे आणि साठवण टाक्या यांतील अंतर कमी करणे. विक्रीसाठीचे मनोरे रस्त्याच्या आणि रेल्वेच्या बाजूला घेऊन पुनर्वसन इमारती कारखान्यांकडे ढकलण्याचा मोह विकासकाला होणारच. राज्यातील अनेक पुनर्वसन प्रकल्पांत मोक्याची बाजू कोणाला मिळाली, हे डोळ्यांसमोर आहे. सुरक्षित अंतराचा मोकळा पट्टा सोडला, तर जोडलेल्या जमिनीचा काही भाग बांधकामाला मिळणार नाही आणि वरच्या गणितात आलेली वाढ त्या प्रमाणात घटेल.

उद्योगांचीही बाजू आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील अनेक जुने कारखाने बंद झाले, त्यांच्या जागी माहिती तंत्रज्ञान संकुले आणि डेटा सेंटर आली. निवासी वापराची नुसती शक्यता दिसली, तरी शेजारच्या भूखंडांचे भाव वाढतात आणि चालू कारखाना चालवण्यापेक्षा विकणे फायद्याचे ठरते. गावठाणाचा प्रश्न सोडवताना गावातील लोकांच्या नोकऱ्याच जायच्या, असे होऊ शकते.

गावकरी साशंक का आहेत?

आगरी-कोळी कुटुंबांसाठी गावठाणातले घर हे राहण्यापुरते नाही. शेती आणि मीठागरे गेल्यानंतर अनेकांनी वरचे मजले चढवून खोल्या भाड्याने दिल्या. एमआयडीसीतील कामगार त्यांत राहतात. तीन मजल्यांच्या घरातून दहा खोल्यांचे भाडे येत असेल, तर एक सदनिका हा त्याचा मोबदला होत नाही. ठाण्यात याच कारणाने कोळीवाडे आणि गावठाणांनी समूह योजनेला कडाडून विरोध केला आणि त्यांना वगळण्याचा निर्णय सरकारला घ्यावा लागला. ज्या भागात दाटी सर्वाधिक, तोच भाग योजनेबाहेर, असे तिथे झाले.

नवी मुंबईत हे टाळायचे असेल तर सदनिकांच्या संख्येऐवजी सध्याच्या वापरातील क्षेत्रफळाशी मोबदला जोडावा लागेल. तसे केले की पुनर्वसनाचे क्षेत्र वाढते आणि पुन्हा हद्द वाढवावी लागते. भाडेकरूंचे नाव तर अनेकदा कोणत्याच यादीत नसते. कंत्राटी कामगार करारनाम्याशिवाय राहतो, दोन-तीन वर्षांत खोली बदलतो. त्याला घराचा हक्क देणे कठीण, हे मान्य. पण स्वस्त भाड्याच्या खोल्या नव्या आराखड्यात ठेवल्या नाहीत, तर तो जवळच्या टेकडीवर झोपडी बांधेल. मग त्या झोपडीसाठी नवी योजना लागेल.

ठाण्याचा अनुभव काय सांगतो?

वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीला लागून असलेले किसननगर पावणे गावाशी तुलना करण्याजोगे आहे. तिथल्या योजनेचा प्रारंभ फेब्रुवारी २०२० मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते झाला, जून २०२३ मध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या हस्ते पुन्हा भूमिपूजन झाले. एकाच वस्तीसाठी दोन मुख्यमंत्र्यांनी नारळ वाढवले, यावरूनच गतीचा अंदाज यावा. तिथे मुख्यमंत्र्यांचे राजकीय पाठबळ होते आणि बांधकामासाठी सिडकोसारखी सरकारी संस्था पुढे आली. तरीही वेळ लागला.

हद्दवाढीला मर्यादा असते का?

अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात नागरी पुनर्विकास क्षेत्रात नंतर भर घालता येते, पण मूळ क्षेत्राच्या २० टक्क्यांपर्यंतच. तिथे पैसा येतो तो क्षेत्रातील मालमत्ता कराच्या वाढीव उत्पन्नातून. हद्द वाढली की शाळा आणि अग्निशमन दलाच्या वाट्याचा महसूल तिकडे वळतो, म्हणून कायद्याने लगाम घातला आहे. आपल्याकडे पैसा चटई क्षेत्रातून येतो. त्यामुळे हद्दवाढीचा बोजा कोणाच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. तो दिसतो पाण्याच्या दाबात, मलनिस्सारण वाहिनीत आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कोंडीत.

आधी काय व्हायला हवे?

गावठाणातील प्रत्येक घराची मोजणी आणि मालमत्तापत्रक. ही मागणी प्रकल्पग्रस्त संघटना वर्षानुवर्षे करत आहेत. कोणाचे घर किती, ते गावठाणात की सिडकोच्या की एमआयडीसीच्या जमिनीवर, हे कागदावर आल्याशिवाय कुटुंबे ५०० की ९०० हे कळणार नाही आणि किती जमीन जोडावी लागेल हेही ठरणार नाही. नवी मुंबईचा पहिला प्रारूप विकास आराखडा महापालिका स्थापन होऊन तीन दशके उलटल्यावर, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पावणे गावठाणाला लागून असलेल्या औद्योगिक भूखंडांचे नियोजन मात्र आजही एमआयडीसीच्याच हाती आहे.